फ्रँकफुर्टचा 'निप्पॉन कनेक्शन': परक्या देशाचा सिनेमा निवडायचा कुणी, दाखवायचा कुणाला?

माइनकाठची (धागाकर्ती)

इथे सिनेमावर इतके धागे निघतात, जर्मनीतले सभासदही कमी नाहीत, तरी 'निप्पॉन कनेक्शन'वर कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून मीच काढते. जे जाऊन आलेत त्यांनी भर घाला.

आधी ओळख. फ्रँकफुर्टमध्ये दरवर्षी मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला सहा दिवस हा महोत्सव असतो. सगळे चित्रपट जपानी, आणि जुन्या चित्रपटांचा 'रेट्रो' विभाग सोडला तर बहुतेक सगळे अगदी नवे. लघुपट धरून आकडा शंभराच्या आसपास जातो. २०२५ मध्ये पंचविसावा झाला. पहिला, २००० सालचा, इथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी भरवला होता. मारिओन क्लोमफास त्या विद्यार्थ्यांपैकीच एक, आणि आजवर महोत्सवाची धुरा त्यांनीच सांभाळली आहे. बरीच वर्षं बोकनहाइमच्या कॅम्पसवर विद्यार्थ्यांच्या इमारतीत खेळ व्हायचे. २०१३ पासून मुख्य मुक्काम मूसोनटुर्म आणि त्याच रस्त्यावरची नाक्सोसहाले. मूसोनटुर्म हा पूर्वीचा साबण आणि अत्तराचा कारखाना, तर नाक्सोसहालेत घासाईची यंत्रं बनायची. कारखाने गेले आणि त्यांच्या जागी रंगमंच आले.

आता धागा काढण्याचं खरं कारण. एखाद्या देशाचे चित्रपट बाहेर दाखवायचे असले की ते काम बहुधा वकिलात करते. असे सप्ताह पुण्या-मुंबईत आपण पाहिलेत. उद्घाटनाला भाषणं, मग एक ऐतिहासिक, एक कौटुंबिक, एक लहान मुलांचा. वाईट नसतात, मी स्वतः त्यांच्यावरच वाढले. पण निवड करणाऱ्याच्या डोक्यात 'आपला देश कसा दिसेल' हा प्रश्न असतोच, आणि त्या प्रश्नापायी बरेचसे जिवंत चित्रपट यादीतून गळतात.

इथे निवड करतात ती या सिनेमाच्या वेडापायी एकत्र आलेली माणसं. संस्था नोंदणीकृत आहे, ना-नफा तत्त्वावर चालते, आणि काम करणारे बहुतेक जण बिनपगारी. यादीत मोठ्या स्टुडिओचा गल्लाभरू चित्रपट असतो, फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरच्या गावांवरचा माहितीपट असतो, आणि कुणीतरी मित्रमंडळींना घेऊन चार पैशांत केलेला पहिलावहिला चित्रपटही असतो. या शेवटच्यांसाठी 'निप्पॉन व्हिजन्स' नावाचा वेगळा विभाग आहे आणि माझा जीव त्यातच गुंतलेला आहे. त्या विभागाचं परीक्षकांचं बक्षीस काय आहे बघा: तोक्योची एक सबटायटलिंगची संस्था विजेत्याच्या पुढच्या चित्रपटाची सबटायटल्स फुकट करून देते. रोख रकमेपेक्षा मला हे बक्षीस मोलाचं वाटतं. ज्याच्याकडे चित्रीकरणालाच पैसे नव्हते, तो इंग्रजी सबटायटल्सना कुठून आणणार? आणि ती नसली तर जपानबाहेरचा कुठलाही महोत्सव तो चित्रपट बघणारसुद्धा नाही. याउलट मोठ्या चित्रपटांचा 'निप्पॉन सिनेमा अवॉर्ड' प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो, दोन हजार युरोंचा.

एका दुपारच्या खेळानंतर पाहिलेलं सांगते. दिग्दर्शिका तरुण होती, माहितीपट तिने जवळजवळ एकटीनेच केलेला. प्रश्नोत्तरं संपली, सभागृह पुढच्या खेळासाठी रिकामं करायला सांगितलं, तर ती दाराबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात चिराशी देत होती. चिराशी म्हणजे जपानी थिएटरांत ठेवलेली असतात ती वहीच्या पानाएवढी जाहिरातपत्रकं. सगळा मजकूर जपानीत. एक सत्तरीच्या जर्मन आजी थांबल्या आणि त्यांनी माहितीपटातल्या मासेमाराच्या बायकोबद्दल विचारलं, ती आता कशी आहे म्हणून. दुभाषी मुलगी तेवढ्यात निघून गेली होती. मग दोघींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बराच वेळ बोलणं केलं. त्या बाईची विचारपूस करायला फ्रँकफुर्टमध्ये कुणी निघेल असं चित्रीकरण करताना त्या दिग्दर्शिकेच्या मनातही आलं नसेल.

तर प्रश्न असा: एका देशाचा आजचा सिनेमा बाहेर न्यायचा तर निवड घरच्यांनी करावी की पाहुण्यांनी? मला वाटतं, पाहुण्यांनीच. तुमचं मत लिहा.

दिगंत

चांगला धागा. पण वकिलातींना एवढं झोडू नका.

मी कोलोनला राहतो. इथे आखेनर वायर तळ्याकाठी जपानी सांस्कृतिक केंद्र आहे, जपान फाउंडेशनचं. म्हणजे सरकारी पैसा, सरकारी निवड. तिथे मी ओझू, नारुसे, मिझोगुची या जुन्या जपानी दिग्दर्शकांचे चित्रपट असे पाहिले की आयुष्यभराची शिदोरी झाली. कुठल्याही उत्साही मंडळाला जुन्या प्रिंट आणणं आणि त्या नीट प्रोजेक्टरवर चालवणं परवडलं नसतं.

आणि निप्पॉन कनेक्शनलाही शहराचा, हेसे राज्याचा निधी मिळतोच की. नुसत्या तिकिटांवर आणि हौसेवर शंभर चित्रपट येत नाहीत.

सेन्सेई_पुणे

दिगंत यांच्याशी सहमत, आणि पुण्याच्या बाजूने थोडी भर.

मी जपानी शिकवते. शिकले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. आमच्या वेळी जपानी चित्रपट बघायचा म्हणजे लॉ कॉलेज रोडला चित्रपट संग्रहालयात कधी काही लागलं तर, नाहीतर आशय फिल्म क्लबच्या कृपेने. मुंबईकरांना प्रभात चित्र मंडळ होतं, पुढे 'थर्ड आय' हा आशियाई चित्रपट महोत्सव आला. त्या काळी नवा जपानी सिनेमा म्हणजे काय हे आम्हाला खरोखर माहीत नव्हतं. कुरोसावांच्या पुढे घोडं जातच नव्हतं.

ते बदललं जपान फाउंडेशनमुळेच. २०१७ पासून भारतात त्यांचा जपानी चित्रपट महोत्सव मल्टिप्लेक्समध्ये भरायला लागला. कोविडमध्ये ऑनलाइन आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन आठवडे वीस चित्रपट घरबसल्या, फुकट, सबटायटल्ससकट. माझ्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून बघितले. यात सांगलीची मुलं होती, नांदेडची होती. मेअखेर फ्रँकफुर्टला जाणं त्यांच्या स्वप्नातही नाही. म्हणून म्हणते, निवड कुणाची हा प्रश्न महत्त्वाचा असेल, पण त्याआधी चित्रपट पोचतो का हा प्रश्न येतो.

बाकी माहितीपटाच्या दिग्दर्शिकेचा प्रसंग वाचून फार बरं वाटलं.

माइनकाठची

@दिगंत, निधीबद्दल बरोबर आहे. शहर पैसे देतं, राज्य देतं, जपानच्या वाणिज्य दूतावासाचा पाठिंबा असतो. माझा मुद्दा पैशाचा नाहीच. पैसे कुणाचेही असोत, यादी कोण करतं? कार्यक्रमपत्रिकेवर अधिकाऱ्याची नजर फिरली की काय गळतं ते शोधायलाही जागा राहत नाही, कारण गळलेलं कुणाला दिसतच नाही.

जपानी दिग्दर्शक कोरेएदांचं उदाहरण आठवा. २०१८ मध्ये 'शॉपलिफ्टर्स'ला कान महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, पाम द'ओर, मिळालं. चोऱ्यामाऱ्या करून जगणारं गरीब कुटुंब दाखवलं म्हणून जपानमध्येच काही लोक चिडले होते. शिक्षणमंत्र्यांनी अभिनंदन करायची इच्छा दाखवली, तर कोरेएदांनी जाहीरपणे नम्र नकार दिला. सिनेमाने सत्तेपासून अंतर ठेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि याच चित्रपटाला सरकारच्या सांस्कृतिक खात्याचं अनुदान होतं, त्याबद्दल त्यांनी आभारही मानले. मला हीच रीत पटते. अनुदान घ्यावं, पण मान तुकवू नये. महोत्सवांनीही तसंच वागावं.

@सेन्सेई_पुणे, ताई, नांदेडच्या मुलांचा मुद्दा मनावर घेतला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०२० मध्ये निप्पॉन कनेक्शनही पूर्ण ऑनलाइन झाला होता, पण ऑनलाइन हक्क देशापुरते दिले जातात, त्यामुळे भारतातून त्याचा उपयोग होणं कठीणच.

शिमोकिताझावा

तोक्योहून लिहितोय. हा धागा सहा-सात तास उशिरा दिसला, पण राहवत नाही.

तुम्ही 'निप्पॉन व्हिजन्स'मधले जे चित्रपट बघता ते इथे कुठे लागतात ते सांगतो. जपानमध्ये वर्षाला सहाशेहून जास्त देशी चित्रपट प्रदर्शित होतात. गल्ला मात्र मूठभर चित्रपट नेतात, त्यातही ॲनिमे आणि टीव्ही मालिकांवरून काढलेले. मोठ्या चित्रपटांमागे 'निर्मिती समिती' असते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, जाहिरात कंपनी, कलाकारांची एजन्सी, सगळे थोडे थोडे पैसे घालतात. धोका वाटला जातो, पण निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्यायचा, आणि घरच्याच बाजारात पैसे वसूल होत असल्याने परदेशी पाठवायची घाई कुणालाच नसते. म्हणून परदेशातल्या महोत्सवांना मोठा चित्रपट मिळवणं कधीकधी छोट्यापेक्षा अवघड जातं.

उरलेले शेकडो चित्रपट मिनी-थिएटरांत लागतात. पन्नास-शंभर खुर्च्यांची थिएटरं, बहुधा एखाद्या इमारतीच्या तळघरात नाहीतर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. चित्रपट एक-दोन आठवडे, तोही रात्रीच्या एकाच खेळाला. दिग्दर्शक रोज येऊन उभा राहतो, खेळ संपल्यावर बोलतो, चिराशी वाटतो. तुमच्या त्या दिग्दर्शिकेने तेच केलं, फक्त फ्रँकफुर्टमध्ये.

एप्रिल २०२० मध्ये ही थिएटरं बंद पडायची वेळ आली तेव्हा हामागुची र्युसुके आणि फुकादा कोजी या दिग्दर्शकांनी पुढे होऊन 'मिनी-थिएटर एड' नावाने वर्गणी काढली. उद्दिष्ट दहा कोटी येनचं होतं, जमले तेहतीस कोटींहून अधिक. देणारे जवळजवळ तीस हजार लोक. नंतर हामागुचींच्या 'ड्राइव्ह माय कार'ला ऑस्कर मिळालं तेव्हा जगभर बातम्या झाल्या, पण माझ्या लेखी त्या वर्गणीचं काम तेवढंच मोठं.

तरीही सगळं वाचलं नाही. तोक्योतल्या जिंबोचो भागातलं मिनी-थिएटर, इवानामी हॉल, जुलै २०२२ मध्ये बंद झाला. आपल्यासाठी त्याचं महत्त्व वेगळं आहे. १९७४ मध्ये तिथे ज्या चित्रपट-उपक्रमाची सुरुवात झाली, त्याचा पहिला चित्रपट होता सत्यजित राय यांचा 'अपूर संसार'. ताकानो एत्सुको आणि कावाकिता काशिको या दोघींनी तो उपक्रम उभा केला. जपानी वितरक हात लावायला तयार नव्हते अशा देशोदेशींच्या चित्रपटांसाठी त्यांनी ते दार उघडं ठेवलं. माइनकाठची, तुमच्या प्रश्नाला माझं हे उत्तर. आपल्या देशाचा सिनेमा जपान्यांपर्यंत नेला तो या दोन जपानी बायकांनी, त्यांना तो आवडला म्हणून. निवड पाहुण्यांनीच करावी.

रुपेरी_वाळू

शिमोकिताझावा, काय प्रतिसाद लिहिलाय! इवानामी हॉल आणि राय यांचा संबंध माहीतच नव्हता. याचा वेगळा लेख हवा. मिनी-थिएटरांवर लिहाच.

एक भर. परदेशी प्रेक्षकांचा घरच्या नशिबावरही परिणाम होतो. 'वन कट ऑफ द डेड' हा तीस लाख येनमध्ये, अभिनयाच्या कार्यशाळेतल्या अनोळखी कलाकारांना घेऊन केलेला चित्रपट. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतल्या उदिनेच्या महोत्सवात प्रेक्षकांच्या मतांत दुसरा आला. जूनमध्ये तोक्योत फक्त दोन थिएटरांत लागला. शेवटी जपानभर पसरून तीनशे कोटी येनच्या वर गेला. मुख्य काम तोंडी प्रसिद्धीचंच, पण इटलीतल्या टाळ्यांची बातमी आधी पोचली होती हेही खरं.

स्टुटगार्टकर

आता आपल्याकडे वळू या का?

आमच्याकडे स्टुटगार्टला २००४ मध्ये भारतीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. आधी नाव 'बॉलिवूड अँड बियाँड', नंतर सरळ भारतीय चित्रपट महोत्सव. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जुळी शहरं आहेत, त्या धाग्याने सुरुवात झाली. आयोजक इथलेच जर्मन, फिल्मब्युरो बाडेन-वुर्टेमबर्ग. उत्तम चित्रपटाला 'जर्मन स्टार ऑफ इंडिया' देतात. हिंदीच्या जोडीने मल्याळम, बंगाली, मराठी असं बरंच काही मी तिथे पाहिलंय.

दुसरीकडे आपली महाराष्ट्र मंडळं. नवा मराठी चित्रपट आला की रविवारी सकाळी थिएटर भाड्याने घ्यायचं, दोनशे तिकिटं, मध्यंतरात बटाटेवडे. मीही या कामात असतो आणि मनापासून करतो. पण गेल्या खेळाला सभागृहात एकही जर्मन नव्हता. माझ्या शेजारच्या बाईंना यायचं होतं. सबटायटल्स आहेत का, म्हणून त्यांनी विचारलं. मी वितरकाला विचारलं, तर या प्रतीवर नाहीत म्हणाला. म्हणजे हा चित्रपट समुद्र ओलांडून आला तो आपल्यालाच भेटायला. माइनकाठचीच्या शीर्षकातला दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो: दाखवायचा कुणाला?

कावेरी

स्टुटगार्टकर, तुमची कळकळ समजते, पण मंडळाच्या खेळाला कमी लेखू नका. माझी मुलं इथेच जन्मली. मोठ्या पडद्यावर मराठी बोलणारी माणसं त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती अशाच एका रविवारी. माझी सासू आली होती, घरी आल्यावर तासभर सिनेमावरच बोलत होती. आपल्या माणसांना आपला सिनेमा दाखवणं हे काम आहेच.

स्टुटगार्टकर

कावेरीताई, ते मी नाकारतच नाही. तो खेळ बंद करा असं म्हणत नाही. त्याच्या जोडीला वर्षातून एखादा खेळ संध्याकाळी, सबटायटल्ससह, गावातल्या आर्टहाउस थिएटरात, तिथल्या नेहमीच्या प्रेक्षकांसाठी ठेवावा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च बक्षीस रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला मिळालं. तिथल्या सभागृहात मराठी माणसं कितीशी असतील? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला दोन बक्षिसं मिळाली. परक्या प्रेक्षकांना हे चित्रपट कळतात याचा आणखी पुरावा कशाला हवा? सबटायटल्सची अट मंडळांनी एकत्र येऊन वितरकांना घातली तर नाही म्हणणार नाहीत. एकेकटं मंडळ सांगतं तेव्हा कुणी ऐकत नाही.

दिगंत

स्टुटगार्टकर, सबटायटल्सच्या मागणीला माझा पाठिंबा. कोलोनच्या मंडळात मी बोलतो. पत्राचा मसुदा इथेच टाका, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल.

आणि माइनकाठची, शिमोकिताझावा यांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं सरकलंय. जुने चित्रपट जपून फिरवायला सरकार लागतं. पण आजचा सिनेमा हुडकायला वेडी माणसंच लागतात, कारण त्यावर अजून कुणाचा शिक्का बसलेला नसतो.

नवखा_प्रेक्षक

छान चर्चा. एक बाळबोध प्रश्न: मी मानहाइमला राहतो, जपानी येत नाही, जर्मन कामापुरतं. ॲनिमे सोडून जपानी काही पाहिलेलं नाही. या महोत्सवाला जायचं तर कसं जावं आणि काय बघावं? आणि तिथे काम करायला माणसं लागतात का? जपानी न येणारा चालेल का?

माइनकाठची

@नवखा_प्रेक्षक, अवश्य या. मानहाइमहून आयसीई या जलद गाडीने पाऊण तासाच्या आत फ्रँकफुर्ट, मग यू-४ या मेट्रोने मेरियानप्लात्झला उतरून पायी थोडंसं.

बहुतेक चित्रपटांना इंग्रजी सबटायटल्स असतात, काहींना जर्मन. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक खेळापुढे लिहिलेलं असतं, तिकीट काढण्याआधी तेवढं बघून घ्या. शनिवार संध्याकाळचे मोठे चित्रपट लवकर भरतात. सुट्टी मिळत असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी या. तेव्हाच छोटे चित्रपट असतात आणि दिग्दर्शकांशी निवांत बोलता येतं. पहिल्याच दिवशी चार चित्रपट लावू नका, तिसऱ्यापासून काही डोक्यात शिरत नाही. एक 'व्हिजन्स'मधला, एक माहितीपट, आणि मध्ये नाक्सोसहालेत बसून ओनिगिरी (भाताचे जपानी गोळे) खा. ॲनिमे आवडतो तर 'निप्पॉन ॲनिमेशन'मध्ये स्वतंत्र कलाकारांचे लघुपट असतात ते चुकवू नका. टीव्हीवरच्या ॲनिमेपेक्षा फार वेगळं काम आहे. रेट्रो विभाग नदीपलीकडे चित्रपट संग्रहालयात असतो, तिथे दिगंत भेटतील.

कामाचं म्हणाल तर मदतनीस लागतातच. तिकिटं, दारावर उभं राहणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, मतपत्रिका मोजणं. जपानी येणारे दुभाषाचं काम करतात, पण बाकीच्या कामांना ती अट नाही. महोत्सवाच्या संकेतस्थळावर वसंत ऋतूत आवाहन येतं, त्यावर लक्ष ठेवा.

@स्टुटगार्टकर, मसुद्याची वाट बघतेय. फ्रँकफुर्टच्या मंडळाकडे मी स्वतः घेऊन जाते. त्यात एक ओळ घाला: डीसीपीवर (थिएटरला येणाऱ्या डिजिटल प्रतीवर) जर्मन नाही तरी निदान इंग्रजी सबटायटल्स हवीत, आणि ती आहेत की नाहीत हे थिएटर आरक्षित करण्याआधी कळवावं.